चुन्यासारखं काहीतरी

सखाहरीनं मेलेल्या गिधाडाचे दोन्ही पंख ताणून धरले आणि गुडघ्यानं दाबून ते उताणं केलं.

"फाडा आता," तो म्हणाला. "मी धरलंय."

जनावर फाडण्यात त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी साफ होता. तोच त्याचा धंदा. उंबरकड्यात कुणाचं ढोर मेलं की ते गावाबाहेरच्या माळावर ओढून न्यायचं, कातडं सोलायचं, कमवायचं, हे काम कटक्यांच्या घरात तीन पिढ्या चाललेलं. पण गिधाडावर सुरी चालवायला तो तयार नव्हता.

"ह्येच्यावर माझा हात चालायचा नाय डाक्टर. सोबती हाय आमचा. कातडं मी काढायचं, बाकीचं त्यानं."

मी डॉक्टर नव्हतो. पशुधन पर्यवेक्षक होतो, सव्वीस वर्षांचा, आणि तीन वर्षांपूर्वी इथल्या दवाखान्यात बदलून आलेला. गाव मात्र डॉक्टरच म्हणायचं आणि मलाही ते आवडायचं.

हे गिधाड दोन दिवस सादड्याच्या फांदीवर मान खाली टाकून बसलेलं सखाहरीनं पाहिलं होतं. झोप लागल्यासारखं डोकं हळूहळू खाली जायचं, मग दचकून वर यायचं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते झाडाखाली पडलं होतं. तो ते पोत्यात घालून थेट दवाखान्यात घेऊन आला. "आज काय ते बघूच," म्हणाला. दिवाळीपासूनचं हे एकतिसावं होतं.

मी पोट उघडलं. माझ्या डोक्यात जखम, गाठ, किडे असलं काहीतरी होतं. त्यातलं काहीच नव्हतं. यकृतावर, हृदयावरच्या पापुद्र्यावर, आतड्यांवर एक पांढरा थर बसला होता. बोट लावलं तर खडूसारखा हाताला आला.

सखाहरी वाकून बघत राहिला.

"चुना फासल्यागत दिसतंय," तो म्हणाला.

हा शब्द पहिल्यांदा त्यानंच उच्चारला.

उंबरकडा म्हणजे नगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, डोंगराच्या पोटाशी वसलेली शंभर-सव्वाशे घरं. गावामागं सरळसोट कडा. त्या कड्याच्या कपारींत गिधाडं पूर्वापार घरटी करत आलेली. कडा खालपासून वरपर्यंत त्यांच्या विष्ठेनं पांढरा झालेला असायचा. आसपासच्या गावांनी म्हणूनच त्याला गिधाडांचं गाव असं नाव ठेवलं होतं, आणि ते काही कौतुकानं नव्हे. इथली मुलगी सून करून न्यायची तर सासरी टोमणे ठरलेले. बाजारात उंबरकड्याचा माणूस दिसला की कुणीतरी नाकाला रुमाल लावायचा. जुनी माणसं सांगत, एकदा गावानं कड्यावर गवत पेटवून ही ब्याद हाकलायचाही बेत केला होता. वारा फिरला आणि गावातलीच दोन घरं जळाली.

मग पुण्याचे एक प्राध्यापक आले. केतकर नावाचे. दुर्बीण लावून आठ दिवस कड्यासमोर बसले आणि त्यांनी दोनशे चौदा गिधाडं मोजली. वर्तमानपत्रात लेख आला, फोटोसकट. दुसऱ्या वर्षी मुंबई-पुण्याहून लोक बघायला येऊ लागले. सरपंच मारुती धिंदळ्यांनी फाट्यावर पाटी लावली, तीवर मोठ्या अक्षरांत तेच नाव लिहिलं जे ऐकून त्यांच्या आईनं आयुष्यभर मान खाली घातली होती: गिधाडांचं गाव. ग्रामसभेनं ठराव केला, कड्याखाली फटाके वाजवायचे नाहीत, गलोल चालवायची नाही. पाहुण्यांसाठी घराघरांतून भाकऱ्या थापल्या जाऊ लागल्या. शाळेच्या वार्षिक तपासणीला आलेल्या साहेबांना पोरं गिधाडांचे प्रकार पाठ म्हणून दाखवत.

केतकरांनी लेखात सखाहरीचंही नाव लिहिलं होतं. त्याचा माळ आहे म्हणून गिधाडं आहेत, असं. त्या सव्वीस जानेवारीला झेंड्याखाली बोलावून गावानं त्याला शाल आणि नारळ दिला. त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, ती शाल दोन दिवस दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगून ठेवली होती. ओली नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसावी म्हणून.

आणि मग गिधाडं मरू लागली.

त्या पौषात शाळेच्या ओट्यावर ग्रामसभा भरली. एरवी पंधरा माणसं जमायची, त्या दुपारी दोनशे असतील. केतकरांचं पत्र आलं होतं. मोजणीत फक्त सत्तर भरली होती. रस्त्याचं काम मंजूर व्हायचं होतं ते आता होणार नाही, अशी बोलवा होती. लोक चिडलेले होते आणि कुणावर चिडायचं हे त्यांना कळत नव्हतं.

"डाक्टर," धिंदळे म्हणाले, "तुमी एक फाडून पाह्यलं म्हनं. काय निघालं?"

मी उभा राहिलो. दोनशे माणसं माझ्याकडं बघत होती.

"आत पांढरं साचलेलं होतं," मी म्हणालो. "चुन्यासारखं काहीतरी."

"म्हंजे ईख?"

"नक्की सांगता येणार नाही. असू शकतं."

एवढंच बोललो आणि खाली बसलो.

पहिल्यांदा कोण बोललं ते मला दिसलं नाही. मागून आवाज आला, "चुना गावात कुनाकडं असतो?"

उत्तराची गरजच नव्हती. कातड्यावरचे केस सुटावेत म्हणून ते चुन्याच्या पाण्यात भिजत घालतात, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सखाहरीच्या घरामागं चुन्याचे तीन हौद होते. तो ओट्याच्या कडेला, पायरीवर बसला होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. मी आता उठून पुढचं बोलेन, अशी वाट बघितल्यासारखं.

"गिधाडं कातडं फाडत्यात," धिंदळ्यांचा भाऊ नामदेव म्हणाला. "पोचायला उशीर झाला की कातड्याची चाळण हुती. नुकसान कुनाचं? ह्याचं. म्हनून ह्यानं मढ्याला चुना लावला."

"आरं, चुना कातड्याला लावत्यात," सखाहरी उठत म्हणाला. "मढ्याला कोन लावंल? आन् मी कशाला मारीन? ती नसली तर समदी घाण मलाच उपसाया लागंल. सरपंच, तुमी तरी सांगा."

धिंदळ्यांनी तोंड फिरवलं.

लोक उठून त्याच्या घराकडं निघाले. मीही मागून गेलो. हौद पहारीनं फोडले. चुन्याचं पाणी अंगणातून वाहत भागूबाईच्या चुलीपर्यंत गेलं. नामदेवनं सखाहरीच्या पाठीत काठी घातली तेव्हा त्याची दहा वर्षांची मुलगी, शेवंता, दारात उभी होती. ती ओरडली नाही. तिनं फक्त दार आतून ओढून घेतलं, जणू बापाला आपण पाहिलं हे त्याला कळू नये.

सखाहरी कसाबसा उठला. "थांबा," म्हणाला. "माझ्या मढ्यात ईख हाय म्हनता ना? मी खाऊन दावतो. मंग तर झालं?"

सगळे थांबले.

हे तो काय बोलत होता ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. मेलेल्या जनावराचं मांस खाणं त्याच्या बापानं शपथ घेऊन सोडलं होतं. त्याच्या समाजात त्यासाठी सभा झाल्या होत्या, भांडी फुटली होती, भाऊभाऊ वेगळे झाले होते. सखाहरीनं जन्मात ते तोंडाला लावलं नव्हतं.

"नगा," भागूबाई म्हणाली. "काय बी करा, ह्ये नगा."

माळावर त्याच सकाळी धिंदळ्यांचा म्हातारा बैल आणून टाकला होता. सखाहरीनं त्याच्या मांडीचा एक तुकडा कापला. तीन दगड मांडले, भागूबाईनं भांडं द्यायला नकार दिला म्हणून पत्र्याचा डबा घेतला, मीठही नव्हतं, नुसतं पाणी. गाव अर्ध्या वर्तुळात उभं होतं. बायकांनी तोंडाला पदर लावले. मांस शिजायला तास लागला असेल. तेवढ्या वेळात कुणी घरी गेलं नाही.

त्यानं खाल्लं. दोनदा ओकारी आली, दोन्ही वेळा त्यानं तोंडावर हात दाबून घास परत गिळला. डोळ्यांतून पाणी येत होतं. डबा पालथा करून दाखवला आणि मांडी घालून बसला.

"बसा आता," म्हणाला. "मरतो का बघा."

लोक खरंच बसले. ऊन उतरेपर्यंत बसले. तो मेला नाही. मला आठवतं, माझ्या मनात आलं की सुटला बिचारा. मग नामदेव उठला, कपडे झटकले.

"ज्या बैलाला चुना लावलाच न्हवता त्यो खाऊन काय दावलं?" तो म्हणाला. आणि जाताजाता थुंकला. "मढं खाल्लं मात्र."

तेवढं वाक्य गावात राहिलं. दुसऱ्या दिवशी वनखात्याची माणसं आली आणि चौकशीसाठी सखाहरीला घेऊन गेली. चार दिवसांनी सोडलं. पुरावा काहीच नव्हता. तोवर शेजारच्या गावातल्या त्याच्या भावकीपर्यंत बातमी पोचली होती. त्यांनी निरोप धाडला, चुना लावला का नाही ते देवाला ठाऊक, पण मढं खाल्लेल्या माणसाच्या घरचं पाणी आम्ही पिणार नाही. ग्रामसभेच्या वहीत ठराव लिहिला गेला: सखाहरी कटके यांनी गिधाडांस विषबाधा केल्याचे दिसून आल्यावरून त्यांस मृत जनावरे देण्यात येऊ नयेत.

तो परतला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं ते तिघं गाव सोडून गेले. मी दवाखान्याच्या दारात होतो. गाडी समोरच थांबायची. सखाहरी माझ्याजवळून गेला, पण थांबला नाही. भागूबाई थांबली. ती काहीतरी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. तिनं फक्त डोक्यावरचं गाठोडं सारखं केलं.

त्यानंतरही गिधाडं मरत राहिली. ज्यानं मारली म्हणायचे तो गेला होता, चुना गेला होता, तरीही. यावर गावात कुणी सभा घेतली नाही. जनावरं माळावर सडू लागली, कुत्री वाढली, एका शाळकरी मुलीला ती चावली. दोन वर्षांत कडा रिकामा झाला. फाट्यावरची पाटी एका पावसात पडली ती परत कुणी उभी केली नाही. माझी बदली झाली.

दोन हजार सहा साली जिल्ह्याच्या ठिकाणी आम्हा कर्मचाऱ्यांचं एक प्रशिक्षण होतं. जेवणानंतरचं सत्र, निम्मे लोक पेंगत होते. पडद्यावर एक चित्र आलं. उघडलेलं गिधाड. यकृतावर, हृदयावर पांढरा थर.

बोलणारे तज्ज्ञ सांगत होते, हे विष वगैरे नाही, गिधाडाची मूत्रपिंडं बंद पडतात आणि लघवीतले क्षार आत साचतात. कारण सापडलेलं आहे. जनावरांना दुखण्यावर आपण जे इंजेक्शन देतो ते. मरणाच्या आधी दोन-चार दिवसांत ते दिलं असेल तर जनावराच्या मांसात उरतं आणि ते खाल्लेलं गिधाड मरतं. आजपासून ते जनावरांसाठी बंद. कुणीतरी विचारलं, माणसाला? ते म्हणाले, माणसाला काही होत नाही, आपण गोळ्या घेतोच की.

उंबरकड्यात ते इंजेक्शन मी आणलं होतं. माझ्याआधी तिथं ते कुणी पाहिलंही नव्हतं. लंगडणारा बैल संध्याकाळी चालायला लागायचा. डॉक्टरच्या सुईला गुण आहे, असं लोक म्हणायचे. म्हातारी, मरायला टेकलेली जनावरंही लोक माझ्याकडं आणत आणि मी टोचत असे, निदान यातना तरी कमी होतील म्हणून. धिंदळ्यांच्या त्या बैलालाही मरायच्या आधी सलग दोन दिवस मीच टोचलं होतं. म्हणजे सखाहरीनं त्या दिवशी गावासमोर जे खाल्लं, त्यात ते होतंच.

पण एवढंच असतं तर मी म्हणू शकलो असतो की मला ठाऊक नव्हतं. एक गोष्ट मी आतापर्यंत सांगितलेली नाही.

त्या सकाळी, गिधाड आमच्या दोघांमध्ये उघडं पडलेलं असताना, चुना फासल्यागत दिसतंय असं म्हणून झाल्यावर सखाहरीनं मला विचारलं होतं, "डाक्टर, रागावू नगा. तुमच्या सुईचं तर नसंल ह्ये?"

"काय?"

"मी बघतोय. तुमी टोचलेलं जनावर माळावर पडलं का चार दिसानी ही माना टाकत्यात. इंद्यांची म्हस, भोराबाईची गाय. कड्यावरनं पडून मेलेल्या जनावराला खाल्लं तर काय बी हुत न्हाय."

मला इतका संताप आला होता की कान तापले. "तेच औषध माणसांना देतात," मी म्हणालो. "तुम्ही कातडी सोलता, सखाहरी. तेवढंच करा."

त्यानं मान खाली घातली. "चुकलं," म्हणाला. "आडानी मानूस मी."

त्यानं दोन जनावरांची नावं दिली होती. दवाखान्याची नोंदवही उघडून तारखा बघायला मला पाच मिनिटं लागली असती. त्याच सकाळी मी बरणीत घालून ठेवलेला यकृताचा तुकडा जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवायला एक दिवस लागला असता. ग्रामसभेत उठलो तेव्हा माझ्या मनात त्याचाच प्रश्न होता, आणि धिंदळ्यांनी विचारल्यावर सुईचं नाव निघू नये म्हणून मी चटकन दुसरं नाव घेतलं. चुन्याचं, आणि तेही सखाहरीच्याच तोंडचं. सखाहरी पायरीवरून माझ्याकडं बघत ज्याची वाट पाहत होता ते सुईचंच नाव होतं. त्यानं स्वतः मात्र सभेत सुईचा शब्द काढला नाही. हौद फुटले तेव्हा नाही, काठी बसली तेव्हा नाही. माझ्यावर त्याचा विश्वास उरला होता की मी त्याला आधीच गप्प केलं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

त्यांना शोधायला मला सात महिने लागले. नाशिकरोडला एका चाळीत भागूबाई आणि शेवंता राहत होत्या. सखाहरी तीन वर्षांपूर्वी दम्यानं गेला होता. शेवंता एका शिवणकामाच्या कारखान्यात जात होती. त्या दिवशी तिला सुट्टी होती.

मी सगळं सांगितलं. सुईचं, बैलाचं, त्यानं विचारलेल्या प्रश्नाचं. भागूबाई भिंतीला टेकून ऐकत होती.

"त्या दिसापून त्यांनी मटन सोडलं," ती म्हणाली. "घरात शिजलं का बाहीर जाऊन बसायचे. मंग आमीच शिजवायचं बंद केलं."

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मी माफी मागायला आलोय."

"आमाला कशाला सांगता डाक्टर?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्यांनी न्हाय केलं ह्ये आमाला ठावंच हुतं. ज्यास्नी ठावं न्हाय त्यास्नी सांगा."

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी उंबरकड्याला गेलो. तोच शाळेचा ओटा. वीस-बावीस माणसं. धिंदळे आता सरपंच नव्हते, पण आले होते. विषयपत्रिकेत माझा विषय नव्हता, म्हणून शेवटी बोलायला दिलं. मी सगळं सांगितलं, आणि माझ्या तोंडून सुटलेल्या त्या वाक्यापासून सुरुवात केली.

"मंग आता काय म्हननं हाय तुमचं?" नामदेवनं विचारलं.

"जुना ठराव रद्द करा. त्यांनी काही केलं नाही, असं लिहा."

"मेलेल्या मानसाला काय फरक पडतो?"

"लिवा," धिंदळे एकदम म्हणाले. ते जमिनीकडं बघत होते. "बैल माजा हुता. लिवा."

ग्रामसेवकानं लिहिलं. मी वहीची नक्कल मागून घेतली, शिक्का मारून घेतला आणि त्याच दिवशी नाशिकरोडच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवली. मला खूप हलकं वाटलं होतं, हे कबूल करतो.

पंधरा दिवसांनी पाकीट परत आलं. आत तीच नक्कल होती. घाईत लिहिणाऱ्या ग्रामसेवकानं नाव लिहिलं होतं सखाराम कटके. मी वाचलं होतं आणि माझ्याही लक्षात आलं नव्हतं. त्या नावाभोवती पेननं गोल केला होता आणि समासात लिहिलं होतं, हे आमचे वडील नाहीत.

दुरुस्ती ग्रामसभेतच करावी लागते. पुढच्या सभेला पुरेशी माणसं जमली नाहीत. त्याच्या पुढच्या सभेत ग्रामसेवक रजेवर होते. मे महिन्यात ती झाली. त्या वेळी मी वहीवर वाकून उभा राहिलो आणि ग्रामसेवकाला एकेक अक्षर सांगितलं.

नक्कल मी स्वतः घेऊन गेलो. शेवंतानं दार उघडलं. आत यायला सांगितलं नाही. उंबऱ्यावर उभ्यानंच तिनं कागद वाचला, मग नावावर बोट ठेवलं आणि सावकाश सरकवत नेलं, स, खा, ह, री.

"बरोबर आहे," ती म्हणाली. कागद घेतला आणि दार लावून घेतलं.